नारू आणि परळची प्रयोगशाळा

मंडळी, परळ आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. कुणाचा चुलता गिरणीत होता, कुणाचा मामा लालबागच्या चाळीत राहून आला. के. ई. एम. इस्पितळ तर सगळ्यांनाच माहीत. त्या इस्पितळाजवळ एक फार जुनी वास्तू आहे. तिला हाफकिन संस्था म्हणतात. तिथे पाण्याविषयी एक शोध लागला. त्याची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत.

ही वास्तू पूर्वी मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला होती. १८८२ साली तिथे गव्हर्नरसाहेबांची बायको पटकीने वारली. पटकी म्हणजे कॉलरा. हाताशी नोकरचाकर, डॉक्टर, सगळे होते. पण पटकी हुद्दा बघत नाही. पुढे गव्हर्नर मलबार टेकडीवर राहायला गेले. नंतर मुंबईत प्लेग आला. त्यावर लस काढणारे डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली या बंगल्यात आली. प्रयोगशाळा म्हणजे रोगाचे कारण शोधून, पारखून बघायची जागा. प्लेगबरोबर इतर रोगांचाही तपास तिथे होऊ लागला. त्यांतला एक रोग नारू.

नारू हे नाव आता म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी राहिले आहे. तरुणांनी तो पाहिलेलाच नाही, म्हणून आधी तो कसा असतो ते सांगतो.

माणसाच्या पायाला फोड येतो. त्याची आग आग होते. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके काढतो. हा जंत हातभराहून लांब असतो, कधी दोन हातसुद्धा भरतो. तो ओढून काढता येत नाही. ओढला की तुटतो, आणि तुटला की पाय सुजतो, पिकतो. म्हणून लोक तो एका काडीला गुंडाळत. आज बोटभर, उद्या बोटभर. असे कित्येक दिवस चाले. तोवर माणूस खाटेवर. ऐन कामाच्या दिवसांत कर्ता माणूस असा पडून राहिला, तर त्या घराचे काय होत असेल? जीव सहसा जात नसे, पण साल बुडे.

आता हा जंत शरीरात शिरतो कुठून? यावर फार मते होती. कुणी म्हणे देवाचा कोप, कुणी म्हणे रक्त बिघडले. शहाणी माणसेसुद्धा चकली. १८५० नंतरच्या काळात मुंबईत कार्टर नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना एका शाळेतली गोष्ट कळली. पन्नास मुले एका तळ्यात आंघोळ करीत, त्यांतल्या एकवीस जणांना वर्षभरात नारू झाला. कार्टरसाहेबांनी त्या पाण्यात बारीक जंत पाहिले. ते म्हणाले, हेच जंत आंघोळ करताना कातडीतून आत शिरत असणार. तळ्यावरचा त्यांचा संशय खरा होता. वाट मात्र चुकली. आंघोळ करणारा पोर दोन घोट पाणीही पितो, हे त्यांच्या हिशेबात आले नाही.

पुढे १८७० च्या सुमारास फेदचेंको नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला तुर्कस्तान मुलखात एक दुवा सापडला. हा तुर्कस्तान म्हणजे समरकंदकडचा मुलूख. विहिरीच्या, तळ्याच्या पाण्यात एक बारीक प्राणी असतो. त्याला सायक्लॉप्स म्हणतात. तो खसखशीच्या दाण्याएवढा. उड्या मारत पोहतो. डोळा एकच. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरले, तर तीक्ष्ण नजरेच्या माणसाला तो पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. नारूची पिल्ले या सायक्लॉप्सच्या पोटात जातात, तिथे वाढतात, हे फेदचेंको यांनी पाहिले. १९०५ नंतर आफ्रिकेत लायपर नावाच्या शास्त्रज्ञाने आणखी एक गंमत पाहिली. आपल्या पोटात आंबट रस असतो. तशा आंबट पाण्यात सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या पोटातली नारूची पिल्ले उलट जोमाने वळवळू लागतात.

म्हणजे वाट तोंडातून असावी. पण माणसाच्या बाबतीत हे सिद्ध कोण करणार?

इथे परळची प्रयोगशाळा येते. तिथे लिस्टन नावाचे अधिकारी होते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो, हे दाखवणाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्याबरोबर आपले एक मराठी डॉक्टर होते, डॉ. डी. ए. तर्खड. इंग्रजी कागदांत त्यांचे नाव ‘तुर्खुड’ असे लिहीत, म्हणून ते आपल्यातले असे पुष्कळांना कळतही नाही. १९१३ च्या सुमारास तर्खडांनी नारूची पिल्ले घातलेले सायक्लॉप्स वाढवले. ते पाण्यातून माणसाला पाजले. मग वाट पाहिली. सुमारे वर्ष लागते, कारण नारू अंगात वर्षभर गुपचूप वाढतो. त्या माणसाला नारू झाला. नारू पिण्याच्या पाण्यातून होतो, हे आता माणसावरच दिसून आले. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते बरेच आहे. पण त्यातून जे कळले ते फार मोलाचे होते.

आता पायऱ्यांच्या विहिरीकडे या. बारव म्हणा, पायविहीर म्हणा. बाई घागर घेऊन पायऱ्या उतरते. गुडघाभर पाण्यात उभी राहते. पायाला नारूचा फोड आहे, आग होते आहे, गार पाण्याने बरे वाटते. पाणी लागताच नारूची मादी आपली पिल्ले पाण्यात सोडते. एकदोन नव्हे, हजारोंनी. ती पिल्ले सायक्लॉप्स गिळतो. दोन आठवड्यांत ती तयार होतात. तेच पाणी ती बाई घागरीत भरून घरी नेते, आणि सगळे घर पिते. एकाच्या पायातला नारू साऱ्या गावाला वाटला जातो. कुणाचा दोष? तिचा नव्हे. विहीरच तशी बांधलेली. पाण्यात पाय घातल्याशिवाय पाणी मिळतच नाही.

पाणी दिसायला निवळ असते, बरे का. वास नाही, चव बिघडत नाही.

मुंबईतही एके काळी लोक विहिरी-तलावांचेच पाणी पीत. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे तेवढी उरली आहेत, तलाव बुजले. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव पायऱ्यांसकट अजून आहे. १८६० साली विहारचे पाणी नळाने आले. तरी घरच्या विहिरी लोक सोडीनात. मग १९११ साली डॉ. बेंटली यांनी, या विहिरींत हिवतापाचे डास वाढतात, असा अहवाल दिला. त्यानंतर कित्येक विहिरी झाकल्या, कित्येक बुजवल्या. पारशी आणि हिंदू, दोघांनीही धर्मासाठी विहिरीचे पाणी लागते म्हणून विरोध केला. आमच्या मते त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. जाळी बसवून काम होत असेल तर विहीर बुजवायची कशाला? आणि जिथे नळच नाही अशा गावाने काय करायचे?

गावांसाठी सोपा उपाय निघाला. पायऱ्या बंद करायच्या, कठडा बांधायचा, पाणी वरून पोहऱ्याने शेंदायचे. हातपंप बसवायचे. पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध मोजून टाकायचे. आणि पाणी फडक्याने गाळायचे. नारूवर लस नाही. खात्रीचे औषधही नाही. तरी १९८३-८४ साली देशभर मोहीम सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून चाळीस हजारांच्या आसपास रोगी होते. भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूरकडे सापडला. २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. १९८६ साली जगात सुमारे पस्तीस लाख रोगी असावेत असा अंदाज होता. २०२३ साली साऱ्या जगात पंधराही नव्हते, तेही आफ्रिकेत. मात्र तिथे कुत्र्यांना नारू होतो असे दिसले आहे, म्हणून काम संपलेले नाही.

मग आता फडके कशाला, असे कुणी विचारील. तर ऐका. पटकीचे जंतू फार बारीक, ते एकेकटे फडक्यातून सहज जातात. पण पाण्यात ते पुष्कळदा सायक्लॉप्ससारख्या प्राण्यांच्या अंगाला चिकटून राहतात. २००३ साली बांगला देशातला एक अभ्यास छापून आला. तिथल्या खेड्यांतल्या बायका जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळीत. त्या गावांत पटकी जवळजवळ निम्म्याने कमी झाली. निम्मीच, सगळी नव्हे. म्हणून साथीच्या दिवसांत पाणी गाळून शिवाय उकळावे.

कापड जुने, धुऊन मऊ झालेले घ्यावे. त्याच्या तीन घड्या कराव्यात, म्हणजे आठ पदर होतात. दर वेळी तीच बाजू वर ठेवावी. उलटले तर अडकलेला गाळ पुन्हा हंड्यात पडतो. काम झाले की ते गाळलेल्या पाण्यात खळबळून घ्यावे, आणि कडक उन्हात वाळत घालावे.