मताच्या हक्कासाठी झिजलेला कामगार कार्यकर्ता : बाबू हरदास एल. एन.

(विहाराच्या वर्धापनदिनी पनवेल येथे झालेले भाषण)



समितीने आम्हांला विषय दिला तो मताच्या हक्काचा. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, १९२८ साली सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मत द्या अशी मागणी केली, हे दर चौदा एप्रिलला आपण ऐकतो. ऐकलेच पाहिजे. पण बाबासाहेब तिकडे बोलत असताना इकडे गावोगाव त्यांच्या पाठीशी कोण उभे होते, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही कामठीच्या बाबू हरदासांविषयी बोलणार आहोत.

हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ चा, नागपूरजवळ कन्हान नदीकाठच्या कामठीतला. वडील रेल्वेत कारकून. मुलगा पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. त्या काळात आपल्या समाजात मॅट्रिक म्हणजे केवढी गोष्ट! पण हा तरुण स्वतःपुरता राहिला नाही. सतराव्या वर्षी त्याने साप्ताहिक काढले, पुढे रात्रशाळा आणि चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय चालवले.

कामठीकडे आपली माणसे विड्या वळत. घरी बायकापोरेसुद्धा तेंदूची पाने कापायला बसत. मजुरी हजारावर, मध्ये ठेकेदार, आणि वळलेल्या विड्यांतून छाट काढली की गेली तेवढी मजुरी. हरदासांनी या कामगारांना एकत्र करून सहकारी तत्त्वावर काम उभे करण्याचा प्रयत्न केला. आमच्या मते त्यांचे राजकारण इथूनच सुरू होते. कारण विड्या वळणाऱ्याला मत होते का? १९१९ च्या कायद्यात मत होते ते सारा, कर भरणाऱ्याला. मध्य प्रांताच्या कौन्सिलात आपले प्रतिनिधी सरकार नेमत असे, आपण निवडत नव्हतो.

मग १९३१ ची दुसरी गोलमेज परिषद आली. अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण, गांधीजी की डॉ. आंबेडकर, हा वाद लंडनमध्ये उभा राहिला. हरदासांनी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांना तार केली, आमचे पुढारी डॉ. आंबेडकर. ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनाही तारा करायला लावल्या. तारेचा एकेक शब्द पैशाने मोजला जाई. ज्यांच्या हाती मतपत्रिका नव्हती, त्यांनी तारेने मत दिले, असे आम्ही म्हणतो.

मार्च १९३२ मध्ये राजा-मुंजे करार झाला, संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा. तेव्हा मे महिन्यात कामठीलाच अखिल भारतीय परिषद भरली आणि तिने तो करार नाकारून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या बाजूने कौल दिला. त्या परिषदेच्या स्वागताची जबाबदारी हरदासांवर होती. पुढे २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा १४८ मिळाल्या, त्यांतल्या मध्य प्रांताच्या वाट्याला २०, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला.

१९३७ च्या निवडणुकीत हरदास स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून उभे राहिले. माघार घ्या म्हणून पैशाचे आमिष दाखवले गेले, ते त्यांनी झिडकारले, असे त्यांच्या चरित्रात येते. ते निवडून आले. आपल्या कुलाबा जिल्ह्यातले, महाडचे सुरबानाना टिपणीसही याच पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात गेले. पण लक्षात घ्या, तेव्हाही दर चार प्रौढांमागे सुमारे तिघांना मत नव्हते. कर, भाडे, शिक्षण अशा अटी होत्या. ज्यांच्यासाठी हरदास लढले, त्यांतले बहुतेक त्यांना मत देऊ शकले नसतील.

क्षयाने १२ जानेवारी १९३९ रोजी ते गेले. वय अवघे पस्तीस. आपण रोज एकमेकांना 'जयभीम' घालतो, तो रूढ करण्याचे श्रेय याच माणसाला दिले जाते.

अटी सुटल्या त्या संविधानाने, अनुच्छेद ३२६ ने. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार होते, विड्या वळणारी बाईही त्यात आली. मात्र सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. का? तर त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच लिहून दिले.

हे वाचून हसू येते, पण आपल्याकडे वेगळे काय आहे? सून घरात आली की रेशनकार्डावर नाव चढवायला आपण धावतो. मतदार यादीत ती माहेरच्या गावीच राहते, आणि मतदानाच्या सकाळी शोधाशोध होते! नवे नाव घालायला नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. अठरा वर्षे पूर्ण झाल्याचा हिशोब आता वर्षातून चार तारखांना धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. मंडळाची मुले बाहेर टेबल टाकून बसली आहेत. भोजनाला जाण्याआधी आयाबायांनी त्यांच्याकडे आपले नाव बघून घ्यावे, नवऱ्याचे नव्हे.

जयभीम! नमो बुद्धाय!