मोर्चा मोबाईलमधून निघत नाही



सकाळच्या परिसंवादात एका वक्त्याने ठासून सांगितलं, आता संघटनेचे दिवस संपले, हॅशटॅग पुरतो. टाळ्या पडल्या. या संमेलनाचे अध्यक्षपद सांभाळताना मला त्या टाळ्यांशी भांडायचं आहे.

दाखला दिला गेला तो कैरोचा. २०११ची इजिप्तची क्रांती म्हणे फेसबुकने केली. मग तिथलीच एक तारीख घेऊ. २८ जानेवारी. सरकारने आदल्या रात्रीच देशभरातलं इंटरनेट तोडलं, मोबाईलही मुके केले. त्या शुक्रवारी नमाज आटोपून माणसं मशिदींतून थेट रस्त्यावर उतरली, पोलिसांना मागे रेटत गेली आणि संध्याकाळपर्यंत तहरीर चौक त्यांनी ताब्यात घेतला. नेट नसताना! ही धग आली कुठून? महल्ला अल-कुब्रा या गिरणगावात कामगार २००६पासून संप लढत होते. ६ एप्रिल २००८च्या संपाची हाक आली, तिला पाठिंबा म्हणून तरुणांनी फेसबुकवर गट काढला. आधी कामगार, मग गट. हा क्रम उलटा सांगणं म्हणजे त्या गिरणी कामगारांचं श्रेय लाटणं आहे. ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाले, त्याआधीचे दोन-तीन दिवस देशभर संपांची लाट उठली होती, हेही कुणी सांगत नाही.

फोनचं मोल मी नाकारत नाही. अलेक्झांड्रियात २०१०च्या जूनमध्ये पोलिसांनी खालेद सईद या तरुणाला ठार मारलं. त्याच्या छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचा फोटो हातोहात पसरला नसता, तर तो खून कागदोपत्री पचवला गेला असता. पण पुढे काय झालं? २०१२च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अंतिम फेरीला उरले कोण? मुबारकांचे शेवटचे पंतप्रधान शफीक आणि १९२८पासून गावोगाव जाळं विणणाऱ्या मुस्लिम ब्रदरहुडचे मोर्सी. चौक ज्यांनी पेटवला त्या पोरांचा माणूस त्यात नव्हता. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, आणि २०१८च्या कायद्याने पाच हजारांहून जास्त अनुयायी असलेलं खातंही सरकारी देखरेखीखाली आलं.

आता आपल्याकडे या. मार्च २०१८. नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीची आदिवासी माणसं, डोक्यावर लाल टोप्या. तळव्यांची सालटी निघालेल्या पायांचे फोटो फिरले आणि मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. ते फोटो हवेच होते. पण दहावीच्या पोरांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून हजारो दमलेली माणसं रातोरात सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाकडे चालत गेली, ती शिस्त कुठल्या ॲपवर मिळते? पाड्यापाड्यावरच्या बैठकांत वर्षानुवर्षं बसल्याशिवाय ती येत नाही. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं. फोटो विसरले गेले, आश्वासनं रखडली, आणि २०१९ला, २०२३ला त्याच माणसांना पुन्हा चालावं लागलं. वनहक्काच्या पट्ट्यांसाठी! शेअर करणारे आपण तेव्हा कुठे होतो?

म्हणून या व्यासपीठावरून माझी मागणी आहे. पुढच्या संमेलनात या विषयावर बोलायला त्या मोर्चात चाललेल्या सुरगाण्याच्या बाया येतील. वक्ते म्हणून येतील, सत्कारापुरत्या नाहीत. त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन संमेलनाने द्यावं, हा ठराव आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तिथे उभं राहून बोलावं.