इंग्रजी निबंधाचा आरंभ

परीक्षा जवळ आली म्हणजे ज्या घरांत शाळकरी मुलें आहेत, त्या घरांत सायंकाळीं एक निराळेंच पाठांतर कानीं पडूं लागतें. तें कवितेचें नव्हे, कीं पाढ्यांचेंहि नव्हे. तें असतें इंग्रजी निबंधाच्या प्रस्तावनेचें. 'भारत हा खेड्यांचा देश आहे' येथून सुरू होणारी प्रस्तावना खेड्यावरील निबंधाला चालते, शेतीवरील निबंधाला चालते, आणि थोडी ओढाताण केली तर सहकारावरील निबंधालाहि चालते. परंतु जी प्रस्तावना कोणत्याहि निबंधाला चालते, ती वस्तुतः कोणत्याच निबंधाची नसते. एवढीच गोष्ट मला आज आपल्यापुढें मांडावयाची आहे. पुढचें सारें भाषण म्हणजे तिचीं कारणें.

आपल्यापैकीं पुष्कळांनीं रायगड पाहिला असेल. गडावर जाण्यासाठीं १९९६ सालीं जो रोपवे सुरू झाला, त्याचें खालचें स्थानक महाड तालुक्यांतील हिरकणीवाडी या लहानशा गांवीं आहे. समजा, या हिरकणीवाडींतील एका मुलीला 'माझें गांव' या विषयावर इंग्रजी निबंध लिहावयाचा आहे. ती पाठ केलेली प्रस्तावना उतरून काढते. आठ ओळी भरतात. पण हिरकणीवाडी अद्याप कागदावर आलेली नसते. त्या आठ ओळी पंजाबांतील मुलीनेंहि लिहिल्या असत्या.

तें खोडून ती माहिती लिहूं लागते. रायगडावर १६७४ सालीं शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला. २०२५ सालीं इतर अकरा किल्ल्यांसह रायगडाचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. हें सारें खरें आहे आणि निबंधांत येण्याजोगेंहि आहे. परंतु त्याला कोणी 'नाहीं' म्हणणार नाहीं. आणि ज्याला कोणी 'नाहीं' म्हणूं शकत नाहीं, तें सिद्ध करण्यासाठीं निबंध कशाला हवा?

इंग्रजींत ज्याला 'थीसिस स्टेटमेंट' म्हणतात, त्यासाठीं आपल्याकडे फार जुना शब्द आहे. न्यायशास्त्रांत अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत. त्यांतील पहिला प्रतिज्ञा आणि दुसरा हेतु. 'पर्वतावर अग्नि आहे' ही प्रतिज्ञा. 'कारण तेथें धूर दिसतो' हा हेतु. निबंधाची प्रतिज्ञा अशीच असावी. समंजस मनुष्याला तिच्याविषयीं शंका घेतां आली पाहिजे, आणि 'कां?' असें विचारतांच लेखकापाशीं उत्तर असलें पाहिजे.

आतां त्या मुलीनें स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझ्या गांवाविषयीं लोक असें काय म्हणतात, जें मला पटत नाहीं? येणारे पाहुणे म्हणतात, हें गांव गडाच्या जिवावर जगतें. तिला हिरकणीची आख्यायिका आठवते. दूध घालावयास गेलेली ती गवळण, दिवस मावळतां बंद झालेले दरवाजे, घरीं राहिलेलें तान्हें मूल, आणि त्याच्या ओढीनें तिनें उतरलेला कडा. सर्वांचें लक्ष त्या उतरण्याकडे असतें. पण उतरण्यापूर्वीं ती चढली होती, आणि तिच्या डोक्यावर गडाचें दूध होतें! येथें आपल्या मुलीला तिची प्रतिज्ञा सांपडते: 'गांव गडावर जगतें असें पाहुणे समजतात, खरें पाहतां गडच खालच्या माणसांच्या श्रमावर जगत आला आहे.' ही प्रतिज्ञा कोणास पटेल, कोणास पटणार नाहीं. पण ती पंजाबांतील मुलीला सुचणार नाहीं.

मग प्रस्तावनेला चार वाक्यें पुरतात. पहिल्यांत वाचकाला ओळखीच्या जागीं उभें करावें: रोपवेच्या पाळण्यांतून खालीं दिसणारीं घरें. दुसऱ्यांत पाहुण्यांचें मत प्रामाणिकपणें सांगावें. तिसऱ्यांत आपली प्रतिज्ञा. चौथ्यांत हेतु, ज्या क्रमानें ते पुढें यावयाचे त्याच क्रमानें: आधीं हिरकणीचें दूध, मग आज पाहुण्यांच्या जेवणासाठीं पेटणारी चूल. 'या निबंधांत मी अमुक लिहिणार आहें' अशी दवंडी पिटण्याचें कारण नाहीं.

भाषेचा एक खड्डाहि दाखवून ठेवतों. मराठींत 'जरी' आलें कीं 'तरी' येणारच. त्या संवयीनें आपलीं मुलें इंग्रजींत 'ऑलदो' लिहून पुढें 'बट' लिहितात. इंग्रजीला या दोहोंपैकीं एकच लागतें. पाहुण्यांचें मत 'ऑलदो'नें मांडलें, कीं स्वल्पविराम देऊन सरळ आपली प्रतिज्ञा लिहावी.

ही रीत केवळ शाळेपुरती नाहीं. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रींतील वाळल्या गवताच्या वणव्याची उपमा दिली होती. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १९०० सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत, आरंभींच्याच प्रकरणांत, तें मत वाचकापुढें ठेविलें, आणि मग आपलें म्हणणें सांगितलें: हा आकस्मिक भडका नव्हे, ही एका राष्ट्राची घडण होती, आणि तिचीं मुळें समाजाच्या व धर्माच्या जागृतींत होतीं. म्हणूनच राज्यकारभाराच्या या ग्रंथांत साधुसंतांवर एक स्वतंत्र प्रकरण कां आलें, हें आरंभींचीं प्रकरणें वाचलेल्याला विचारावें लागत नाहीं.

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. प्रतिज्ञा आधीं कच्च्या कागदावर लिहावी आणि निबंध संपल्यावर ती पुन्हां वाचावी. लिहितां लिहितां मत बदललें असेल, तर निबंध न ओढतां प्रतिज्ञाच सुधारावी. त्यांत कमीपणा नाहीं.

आणि घरांतील वडील मंडळींस एक विनंति. मूल प्रस्तावना पाठ करूं लागलें कीं वही मिटून त्याला मराठींतच विचारा, 'तुला म्हणावयाचें काय आहे?' उत्तरासाठीं त्याला थोडा वेळ लागेल, तो द्या. गुण मिळवून देणारें इंग्रजी मागाहून शिकवितां येतें. पण दुसऱ्याचीं वाक्यें उतरून घेतांना स्वतःला कांहीं म्हणावयाचें असतें हेंच जर मूल विसरलें, तर तें परत शिकविणें फार कठीण.