पासबुक कुणाच्या हातात?



आज मी म्हैसूरमध्ये बसून तुमच्याशी एका महामंडळाच्या बँक खात्याबद्दल बोलणार आहे. खातं बंगळूरचं, महामंडळ कर्नाटकाचं, आणि ऐकणारे तुम्ही पुण्याचे, बेळगावचे, इंदूरचे, बडोद्याचे. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे. थोड्या वेळात तिथंही येतो.

माझी सगळी नोकरी बँकेत हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे घोटाळ्याची बातमी वाचली की मी आधी नावं बघत नाही. मी तीन गोष्टी बघतो. पैसा कुठून निघाला, कुणाच्या सहीनं निघाला आणि तो निघाल्याचं कळलं कसं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पोलीस आणि न्यायालय शोधतात. तिसरा प्रश्न मात्र आपण सगळ्यांनी विचारायचा असतो, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

आधी प्रकरण थोडक्यात सांगतो. कर्नाटक महर्षी वाल्मीकी अनुसूचित जमाती विकास महामंडळ ही राज्य सरकारची कंपनी. आदिवासी शेतकऱ्याला बोअरवेल आणि पंप देणारी 'गंगा कल्याण' योजना, भूमिहीनांना जमीन घ्यायला मदत, तरुणांना स्वयंरोजगारासाठी कर्ज, बायकांच्या बचत गटांना छोटं भांडवल, अशी तिची कामं.

२६ मे २०२४ रोजी या महामंडळातल्या एका लेखा अधीक्षकांनी शिवमोग्ग्यात आपलं आयुष्य संपवलं. मागे चिठ्ठी होती. महामंडळाच्या १८७ कोटी रुपयांची बेकायदा उलाढाल झाली आणि त्यातले ८८ कोटी ६२ लाख भलत्याच खात्यांत गेले, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जुलैमध्ये विधानसभेत सांगितलं की बाहेर गेलेली रक्कम १८७ नाही, ८९ कोटी ६३ लाख आहे. तेव्हा वाद रकमेचा आहे. पैसा गेला हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

गेला कुठं? महामंडळाचं खातं बंगळूरच्या एम. जी. रोडवरच्या युनियन बँकेच्या शाखेत होतं. तिथून पैसा हैदराबादच्या एका पतसंस्थेतल्या खात्यांत वळवला गेला आणि पुढे फुटत गेला, असं तपास यंत्रणा सांगतात. खोटी कागदपत्रं वापरली गेली, असंही त्या म्हणतात. राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. बँकेच्या तक्रारीवरून सीबीआयनं गुन्हा नोंदवला. मग ईडी आली. अनुसूचित जमाती कल्याण मंत्री बी. नागेंद्र यांनी ६ जूनला राजीनामा दिला, जुलैत ईडीनं त्यांना अटक केली, ऑक्टोबरमध्ये जामीन झाला. यातला काही पैसा बळ्ळारीच्या लोकसभा निवडणुकीत वापरला गेला, असा ईडीचा आरोप आहे. नागेंद्र यांनी आरोप नाकारले आहेत. राज्याच्या पथकानं पहिल्या आरोपपत्रात त्यांचं नाव घेतलं नाही, ईडीनं घेतलं. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. मी इथं कुणाचा निकाल लावायला बसलेलो नाही.

मला तिसऱ्या प्रश्नाकडे जायचं आहे. हे कळलं कसं?

महामंडळाला संचालक मंडळ होतं. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक कॅग नेमतं, तेही होतंच. वर खातं होतं, खात्यावर वित्त विभाग होता. पलीकडच्या टेबलावर राष्ट्रीयीकृत बँक होती, आणि एवढी मोठी रक्कम हलली की बँकेत किती लाल शाईचे शेरे पडायला हवेत हे मी स्वतः पाहिलेलं आहे. एवढी सगळी दारं, पण घंटा एकाही दारावर वाजली नाही. ती वाजली एका माणसाच्या मरणानं. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला जीव देऊन हिशेब सांगावा लागतो, तिथं व्यवस्थेत काहीतरी मुळातच चुकलेलं असतं.

काय चुकलं? माझं म्हणणं साधं आहे. तुमच्या खात्यातून पाचशे रुपये गेले तर तुम्ही संध्याकाळपर्यंत बँकेत फोन करता. कारण पैसे तुमचे आहेत आणि पासबुक तुमच्या हातात आहे. वाल्मीकी महामंडळाच्या खात्यातून ८९ कोटी गेले, आणि ज्यांच्या नावानं ते पैसे होते त्यांच्यापैकी एकानंही फोन केला नाही. कसा करतील? आपल्या नावानं खातं आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत कर्नाटकात अनुसूचित जमातीचे साडेबेचाळीस लाख लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे सात टक्के. त्यातले काही या म्हैसूर जिल्ह्यातच राहतात. हेग्गडदेवनकोटे आणि हुणसूर तालुक्यांत जेनु कुरुबांच्या वस्त्या आहेत. वस्तीला इथं हाडी म्हणतात. 'जेनु' म्हणजे मध. पिढ्यान्‌पिढ्या नागरहोळेच्या जंगलात मध काढणारी ही माणसं, अभयारण्य झालं, राष्ट्रीय उद्यान झालं, तसतशी बाहेर आली. उच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं अशी ३,४१८ कुटुंबं मोजली. समितीचे अध्यक्ष होते म्हैसूर विद्यापीठातले प्राध्यापक मुझफ्फर असादी. अहवाल २०१४ चा आहे.

आता अशा हाडीतल्या एखाद्या घरानं बोअरवेलसाठी अर्ज केला असं समजा. निवड करते आमदारांच्या अध्यक्षतेखालची समिती. अर्जदाराला काय कळतं? एवढंच, की 'तुझं नाव आलं' किंवा 'यंदा निधी नाही'. दुसरं वाक्य ऐकून तो घरी जातो. निधी खरंच नव्हता, का आला होता आणि हैदराबादला गेला, हे त्याला कळायचा मार्गच नाही. एका बोअरवेलचा पंपासकट खर्च चार लाख धरू या. ८९ कोटींत बावीसशेहून जास्त शेतांना पाणी मिळालं असतं. पण ही बावीसशे कुटुंबं कोणती, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून त्यांचा मोर्चा निघत नाही. चोरी झालेल्या घराला आपली चोरी झाली हेच माहीत नाही, यापेक्षा सोयीची चोरी कुठली?

मोर्चे निघाले, पण ते राजकीय पक्षांचे. ऑगस्ट २०२४ मध्ये विरोधी पक्ष बंगळूरहून चालत आमच्या म्हैसूरला आले, ते मुख्यतः मुडाच्या भूखंडांसाठी. भूखंड समजायला सोपे असतात, नकाशावर दाखवता येतात. आदिवासींचं खातं त्या गलक्यात मागे पडलं.

आता महाराष्ट्राकडे येतो. तुमच्यापैकी कुणी मनात म्हणत असेल की आमच्याकडे असं नाही, तर थांबा. १९९० च्या दशकात सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर महाराष्ट्रानं एक चांगला पायंडा पाडला. आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे नऊ टक्के, निधी वेगळा काढायचा आणि तो आदिवासी विकास विभागाच्या हाती द्यायचा. देशभर त्याला 'महाराष्ट्र पॅटर्न' म्हणून नाव मिळालं. पैसा वेगळा झाला. पहारा वेगळा झाला का? २००४ ते २००९ या काळात याच विभागाच्या योजनांत, पंप, पाइप, दुभती जनावरं अशा वस्तूंच्या खरेदी-वाटपात गैरव्यवहार झाल्याच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या आदेशानं २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली गेली, २०१७ मध्ये अहवाल आला. म्हणजे २००४ ला न मिळालेल्या म्हशीची चौकशी २०१७ ला कागदावर आली. तेव्हा लहान असलेलं पोर एव्हाना बापाच्या जागी कामाला लागलं असेल. कर्नाटकात पैसा खात्यातून गेला, महाराष्ट्रात वस्तूंच्या वाटेनं गेल्याच्या तक्रारी आहेत. आणि दोन्हीकडे लाभार्थी हा शब्द फक्त फाइलीत राहिला.

यावर उपाय कायद्यात नाही असं नाही. १९९६ चा पेसा कायदा घ्या. त्यात अशी तरतूद आहे की ग्रामपंचायतीनं योजनांवर पैसा खर्च केला की तो झाल्याचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं. विचार करा, केवढी मोठी गोष्ट आहे ही. खर्च झाला हे सचिवानं सांगायचं नाही, ज्यांच्यासाठी झाला त्यांनी सांगायचं. पण हा कायदा पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रांना लागू होतो. कर्नाटकात असं एकही क्षेत्र नाही. महाराष्ट्रात आहे, पण तिथंही हे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीच्या खर्चाला लागतं, राजधानीतल्या महामंडळाच्या खात्याला नाही. गावातल्या पाच लाखांच्या गटारावर ग्रामसभेचा पहारा, आणि शंभर कोटींच्या खात्याला एक सही आणि एक शिक्का.

इथं एक धोका सांगायला हवा. असा घोटाळा बाहेर आला की लगेच म्हणणारे असतात, बंदच करा ही महामंडळं, पैसा वायाच जातो. ऑस्ट्रेलियात आदिवासींनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची एक राष्ट्रीय संस्था होती, एटसिक. नेतृत्वावर आरोप झाले, गैरकारभाराची चर्चा झाली, आणि २००५ मध्ये सरकारनं ती बरखास्तच केली. अधिकार पुन्हा सरकारी खात्यांकडे गेले. घरात चोर शिरला म्हणून घर पाडायचं नसतं. शिवाय वाल्मीकी प्रकरणात चावी हाडीतल्या माणसाकडे कधी नव्हतीच. ज्याच्या हातात कधी चावी दिली नाही, त्यालाच शिक्षा म्हणून घरही काढून घ्यायचं?

मग करायचं काय? माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा उघडा. त्याचं चौथं कलम सांगतं की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक सरकारी संस्थेनं कुणी न मागता जाहीर करायचं. न मागता! माझं मागणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. दर तिमाहीला महामंडळाच्या प्रत्येक बँक खात्याची आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक, एवढे चार आकडे तालुक्याच्या कचेरीत आणि हाडीच्या अंगणवाडीच्या भिंतीवर लागले पाहिजेत. तिथं कन्नड, इथं मराठी, गोंडी, भिली, ज्याला जी कळते ती भाषा. सोबत त्या तालुक्यातल्या अर्जदारांची यादी, कुणाला मिळालं, कुणाला नाही, का नाही. याला ना नवीन महामंडळ लागतं ना नवीन कर. एक कागद आणि चार खिळे लागतात.

आकडे वाचता येत नाहीत त्यांना, असं कुणी म्हणालं तर त्याला एवढंच सांगा: जेनु कुरुबाला मधाच्या पोळ्यातला आपला वाटा किती आणि माशीसाठी किती ठेवायचा, हे कुणी शिकवलेलं नाही. हिशेब त्यांना येतो. हिशेब दाखवायची आपली तयारी नाही.

तुम्ही ज्या गावात, ज्या शहरात हे ऐकत आहात, तिथल्या जवळच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात या महिन्यात एकदा जा. एकच विचारा: मागच्या वर्षी किती पैसे आले, आणि यादी कुठं लावली आहे? उत्तर मिळालं तर लिहून घ्या. नाही मिळालं तर तेही तारखेसकट लिहून घ्या.