सात माश्या आणि काळा पुठ्ठा



एक शिंपी खिडकीशी बसून कपडे शिवीत असतो. पावाला मुरंबा लावून तो बाजूस ठेवतो, तोच त्यावर माश्या येऊन बसतात. शिंपी चिडून फडक्याचा एक तडाखा देतो आणि फडके उचलून मोजतो, तो सात माश्या मेलेल्या. या पराक्रमाने तो इतका फुगतो की स्वतःसाठी एक पट्टा बेततो, त्यावर ‘एका फटक्यात सात’ अशी अक्षरे भरतो आणि पट्टा कमरेस बांधून जग पाहावयास निघतो. वाटेत भेटलेला राक्षस ती अक्षरे वाचतो व समजतो, सात माणसे. राजाचे लोक वाचतात व समजतात, सात योद्धे. शिंप्याने खोटे असे एकही अक्षर भरलेले नाही. सात कोण, एवढेच त्याने लिहिलेले नाही. ती मोकळी जागा प्रत्येक वाचणारा आपापल्या भीतीने भरून काढतो.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन बंधूंच्या १८१२ साली निघालेल्या संग्रहातील ही विसावी कथा. कथा त्यांच्याही आधीची आहे. सोळाव्या शतकातील छापील पुस्तकात ती आढळते. पुढे शिंपी दगडाऐवजी पनीरासारखा मऊ गोळा पिळून पाणी काढून दाखवितो, दगडाऐवजी पाखरू आकाशात भिरकावतो, झाडाच्या फांदीवर बसून ते झाड राक्षसाकडूनच वाहवून घेतो, झोपलेल्या दोन राक्षसांवर झाडावरून दगड टाकून त्यांना एकमेकांशी झुंजवितो आणि शेवटी राजा होतो. बळाचे काम एकही नाही. सारा खेळ समोरच्याच्या समजुतीचा आहे.

ही कथा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आली ती सावल्यांच्या रूपाने. १९५३ ते १९५५ या काळात लंडनमध्ये लोटे रायनिगर या बाईंनी दूरचित्रवाणीसाठी डझनाहून अधिक लहान चित्रपट तयार केले. सिंड्रेला, निद्रिस्त राजकन्या, बेडूक राजपुत्र, हान्सेल आणि ग्रेटेल अशा मुख्यतः जुन्या परीकथांवर ते होते. त्यांतील धाडसी शिंप्याच्या चित्रपटास १९५५ साली व्हेनिस येथे दूरचित्रवाणी-चित्रपटांच्या गटात पारितोषिक मिळाले. हे चित्रपट सुमारे दहा-दहा मिनिटांचे आहेत.

रायनिगरबाईंचा जन्म १८९९ सालचा, बर्लिनचा. लहानपणापासून त्यांचा हात कात्रीवर बसलेला होता. घरच्या मंडळींपुढे त्या कागदी सावल्यांचे खेळ करीत. १९२३ पासून तीन वर्षे खपून त्यांनी अरबी सुरस कथांतील राजपुत्र अहमदाचा मोठा चित्रपट तयार केला. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या चलच्चित्रपटांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्यासाठी पैसा पुरविला लुई हागेन या सावकारी पेढीच्या मालकाने आणि काम झाले पॉट्सडाम येथे त्याच्या मोटारखान्याच्या माडीवर. हिटलरच्या राजवटीत रायनिगरबाई व त्यांचे पती कार्ल कोख यांना देशात राहणे नकोसे झाले. परंतु कायमचा आसराही कोठे मिळेना. कित्येक वर्षे दोघे देशोदेशी फिरत राहिली. अखेर १९४९ मध्ये ती लंडनमध्ये स्थिरावली. तेथे परीकथांचे चित्रपट काढण्यासाठी जी संस्था निघाली, तिच्यात त्यांचा भागीदार होता त्याच हागेनचा मुलगा. लहानपणी माडीवर चाललेले कात्रीचे काम त्याने पाहिले होते. वर्गात एखादी वस्तू तयार होताना पाहणारे मूल पुढे काय लक्षात ठेवील, याचा अंदाज शिक्षकास सहसा येत नाही.

या चित्रपटांची कृती समजावून घेण्यासारखी आहे. काळ्या पुठ्ठ्याची आकृती कापावयाची. मान, खांदा, कोपर, मनगट, गुडघा असे सांधे वेगळे कापून बारीक तारेने जोडावयाचे. आकृती नीट टेकून राहावी म्हणून शिशाच्या पातळ पत्र्याचा उपयोग करावयाचा. ही आकृती काचेच्या मेजावर आडवी ठेवतात. खालून दिवा, वरून कॅमेरा. मागचे डोंगर व झाडे पातळ कागदाचे थरावर थर लावून केलेली. आकृती किंचित हलवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा हलवावयाची. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात, म्हणजे दहा मिनिटांस १४,४०० चित्रे. एका स्थितीची दोन-दोन चित्रे घेतली असे धरले, तरी आकृत्या सात हजारांहून अधिक वेळा हलवाव्या लागतात. पात्र जवळून दाखवावयाचे तर त्याची मोठी आकृती निराळी कापावी लागे.

आणि इतके करूनही त्या आकृतीस चेहरा नाही. डोळे नाहीत, हसू नाही, अश्रू नाहीत. सिंड्रेला दुःखी आहे हे तिच्या झुकलेल्या मानेवरून समजते. शिंपी फुशारला आहे हे ताठ पाठीवरून. बाकीचे पाहणारा भरतो. शिंप्याच्या पट्ट्यावर जसे ‘सात’च्या पुढे नाम नव्हते, तसा या आकृतीला चेहरा नाही. मूल तो स्वतःच्या मनातून आणते, आणि जे स्वतः आणलेले असते ते त्याला सांगता येते.

आज वर्गातील दूरचित्रवाणी संचावर किंवा शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर परीकथांची रंगीत चित्रे क्षणात लावता येतात. त्यांत वाईट काही नाही. पावसाळी दुपारी चाळीस मुलांना शांत बसविणारे साधन कोणास नको असते? परंतु गोष्ट संपल्यावर मुलांना ती सांगावयास लावले, तर बहुधा एक-दोन वाक्यांपलीकडे मजल जात नाही. पडद्याने सर्व काही दाखवून टाकलेले असते. शिवाय या रंगीत गोष्टींतील राजकन्या बहुतेक वेळा गोरी व सोनेरी केसांची असते, आणि मागच्या रांगेत बसलेली सावळी मुलगी ते मुकाट्याने ध्यानात ठेवते. सावलीला वर्ण नसतो. राणी व मोलकरीण, राजपुत्र व राक्षस, सगळे एकाच पुठ्ठ्यातून कापलेले.

मात्र सावलीचा सर्वच व्यवहार निर्दोष आहे असे मानू नये. चेहरा नसल्यामुळे दुष्टपणा दाखविण्याचा भार बाह्यरेषेवर येतो, आणि मग कुबड, वाकडे नाक, हाडकुळी बोटे हीच दुष्टाची खूण ठरते. रायनिगरबाईंचे जादूगार व चेटकिणीही यातून सुटलेल्या नाहीत. ज्या वर्गात एखादे मूल पाय ओढीत चालते, त्या वर्गात खलनायक लंगडा कापणे हे क्रौर्य होईल. चेटकीण ताठ पाठीची, नीटस साडी नेसलेली कापावी आणि ती दुष्ट आहे हे तिच्या कृतीवरूनच मुलांना ओळखू द्यावे. अशी चेटकीण अधिक भीतिदायक होते, हेही खरे.

शिंप्याची कथा आपल्याकडे परकी नाही. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर यांनी १८६८ साली दख्खनमधील लोककथांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील कथा त्यांची आया ॲना लिबराता डिसूझा हिने सांगितलेल्या. तिने त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या. त्यांत एका कुंभाराची गोष्ट आहे. पावसाळी रात्री गळक्या झोपडीतील म्हातारी म्हणते की, आपल्याला वाघासिंहाचे भय नाही, भय आहे या टपटपीचे. बाहेर आडोशाला उभा असलेला वाघ ते ऐकतो आणि ही टपटप कोण भयंकर प्राणी असेल या विचाराने गर्भगळित होतो. तेवढ्यात हरवलेले गाढव शोधीत आलेला कुंभार अंधारात वाघालाच गाढव समजून झोडपतो, त्यावर बसून घरी नेतो आणि खुंट्याला बांधतो. सकाळी सारा गाव त्याला शूर ठरवितो. राजा त्याला सेनापती करतो. जर्मनीच्या शिंप्याचा हा सख्खा भाऊच. तिथे ‘सात’, इथे ‘टपटप’.

पहिली-दुसरीच्या वर्गास हीच कथा सावलीने सांगावी. रात्र, पाऊस, अंधार असल्याने ती सावलीसाठीच घडली आहे असे वाटते. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा पुरतो. सांध्यांना तारेऐवजी जाड दोरा दोन्हीकडे गाठ मारून चालतो. दारात पांढरे धोतर ताणून बांधावे, मागे एकच दिवा ठेवावा. दोन दिवे असले की सावल्या दुहेरी पडतात. आकृती कापडाला टेकली की रेषा स्पष्ट येते, दिव्याकडे नेली की सावली मोठी व अंधुक होते. वाघाच्या मनात टपटप वाढू लागते, तेव्हा ही युक्ती कामी येते: हाताच्या पाच बोटांचीच सावली दिव्याकडे सरकवीत न्यावी. ती टपटप कशी दिसते हे शिक्षकाने सांगू नये. मुलांना विचारावे, आणि प्रत्येकाचे उत्तर फळ्यावर लिहावे.

या कलेसाठी बर्लिनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्यांबरोबर चामड्याच्या सावलीबाहुल्यांचा खेळ आजवर राखला आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. ज्या शाळांस सहल काढणे शक्य असेल त्यांनी तेथे अवश्य जावे. खेळ पडद्याच्या पुढून झाल्यावर मुलांना पडद्यामागेही नेण्याची विनंती करावी. अर्धे शिक्षण तेथे आहे.

रायनिगरबाई १९८१ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या आकृत्या जर्मनीत ट्युबिंगेनच्या नगरसंग्रहालयात जतन केल्या आहेत. शाळेतल्या आकृत्यांसाठी बिस्किटांचा रिकामा डबा पुरे. त्या सपाट ठेवाव्यात, दोऱ्यांचा गुंता होऊ देऊ नये, आणि प्रत्येकीच्या मागे ती कापणाऱ्या मुलाचे नाव त्याच्याच हाताने लिहून घ्यावे. पुढच्या वर्षीची मुले वाघ कोणी कापला हे विचारतील.