भूमितीच्या तासाची हलती आकृति

माध्यमिक शाळेंतील भूमितीच्या तासाला पूर्वीं खडू, लांकडी कंपास आणि मोजपट्टी एवढेंच साहित्य असे. आतां अनेक वर्गांत आकृति पडद्यावर उमटते, आणि ती हलते. त्यासाठीं ‘जिओजेब्रा’ नांवाची संगणकावरील एक आज्ञावली शिक्षकांच्या हातीं आली आहे. ऑस्ट्रियांतील झाल्त्सबुर्ग विद्यापीठांत मार्कस होहेनवार्टर यांनीं २००१ सालीं तिचा आरंभ केला. शाळांना तिचें मोल द्यावें लागत नाहीं.

तिचा उपयोग कसा होतो, हें एका उदाहरणावरून कळेल. कोणताहि चौकोन घ्यावा आणि त्याच्या चारी बाजूंचे मध्यबिंदु क्रमानें जोडावे. आंत होणारी आकृति समांतरभुज चौकोन असते. फ्रेंच गणिती व्हारिन्यों यांचा हा सिद्धांत त्यांच्या मृत्यूनंतर १७३१ सालीं प्रसिद्ध झाला. फळ्यावर शिक्षक फार तर दोन-तीन चौकोन काढी. पडद्यावर एक शिरोबिंदु ओढला कीं चौकोनांची रांगच डोळ्यांपुढून सरकते. तोच बिंदु आंत ढकलून चौकोन बाणाच्या टोंकासारखा केला, तरी मधली आकृति समांतरभुजच राहते. येथें वर्गांतून जो आश्चर्याचा उद्गार निघतो, तो बिचाऱ्या खडूच्या वांट्याला क्वचितच आला असेल.

परंतु खरी अडचणहि येथेंच उभी राहते. एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतो, “सर, दिसतंच आहे कीं! मग सिद्ध कशाला करायचं?” ‘परीक्षेंत विचारतात म्हणून’ असें उत्तर देणाऱ्या शिक्षकानें पडदा असूनहि तास गमावला म्हणावयाचा. असें घडतें एवढें पडदा दाखवितो. कां घडतें, त्याविषयीं तो मुका असतो. शिवाय त्यावरील अंकांवरहि फार विसंबूं नये. दोनच दशांश स्थळें दाखविण्याची योजना असेल, तर ८९.९९९ अंशांचा कोन तेथें खुशाल ९० अंशांचा दिसतो.

म्हणून जाणता शिक्षक बिंदु ओढण्यापूर्वीं थांबतो. आंत कोणती आकृति होईल, याचा अंदाज तो प्रत्येकाला वहींत लिहावयास लावतो. बिंदु ओढण्याचें कामहि मागच्या बांकावरील एखाद्या मुलीला देतो. तयार चित्रफीत लावून स्वस्थ बसणें सोपें खरें, पण तींत बिंदु भलत्यानेंच ओढलेला असतो! उद्गार ओसरला कीं तो पडदा मालवून खडू हातीं घेतो आणि चौकोनाचा एक कर्ण काढतो. त्यासरशी दोन त्रिकोण होतात. नववींतील मध्यबिंदूच्या प्रमेयाप्रमाणें आंतील समोरासमोरच्या दोन्ही भुजा त्या एकाच कर्णाला समांतर व त्याच्या निम्म्या. अर्थात् त्या परस्परांनाहि समांतर आणि समान. बाणासारख्या आकृतींत तो कर्ण बाहेर पडला तरी युक्तिवाद ढळत नाहीं. सिद्धता चार ओळींचीच; पण आतां ती मुलांना हवी असते.

हेंच साधन घरच्या मोबाईलवरहि चालतें. ज्या घरीं नववी-दहावींतील मूल आहे, तेथें वडीलधाऱ्यांनीं त्याला एवढेंच विचारून पाहावें, कीं आंतला चौकोन काटकोनी केव्हां होईल? बिंदु ओढतां ओढतां तशी आकृति सांपडेल. तिचें कारण शोधावयास मात्र दोन्ही कर्ण कागदावर काढावे लागतील.