शिट्टी वाजल्यानंतर



गल्लीतली लगोरी आठवते ना? चेंडू पाठीत बसला की नुसता सदऱ्याला चाटून गेला, यावरून भांडण जुंपायचं आणि ते खेळापेक्षा जास्त लांबायचं. पंच नसायचाच. ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत एबीयू रोबोकॉन झाली. आशिया-पॅसिफिक भागातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची ही रोबोंची स्पर्धा, आणि त्या वर्षी तिचा विषय होता हीच आपली लगोरी. त्याआधी २००८ मध्ये ती पुण्यात भरली होती, तेव्हाचा विषय दहीहंडीचा होता. आपले खेळ यंत्रांच्या हाती गेले, पण गल्लीतला प्रश्न काही सुटला नाही. लागला की नाही लागला? ठरवायचं कुणी, आणि किती वेळात?

गेली काही वर्षं मी शाळा-कॉलेजांच्या रोबोटिक्स स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभी राहते. त्यातल्या एका स्पर्धेतली माझीच चूक आज सांगणार आहे.

त्या दिवशी कार्यक्रम दीड तास मागे पडला होता. संयोजक लांबून घड्याळ दाखवत होते. एका संघाच्या रोबोचं मागचं चाक रेषेवर आलं, मी निशाण वर केलं आणि गुण कापले. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी पुढे आली. ‘मॅडम, बहार नथी गयुं,’ गुजरातीत म्हणाली, बाहेर गेलेला नाही. मी तिला हातानेच थांबवलं आणि पुढच्या संघाला बोलावलं. रात्री घरी नियमपुस्तिका उघडली. रोबो संपूर्ण बाहेर गेला तरच गुण कापायचे, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. रेषेवर आलेलं चाक नियमात बसत होतं. त्या मुलीने नियम वाचला होता, मी घाईत विसरले होते. तोवर निकाल जाहीर झाला होता. दुसऱ्या दिवशी तिच्या शिक्षकांना गाठून मी माफी मागितली. पण त्या माफीने तिची फेरी परत आली नाही.

तेव्हापासून मी वेळेचा हिशोब ठेवू लागले. सामना दोन-अडीच मिनिटांचा, पण दोन सामन्यांच्या मध्ये दहा-बारा मिनिटं सहज जातात. ती जातात कुठे? सगळे म्हणतात, मुलं वाद घालतात म्हणून उशीर होतो. माझ्या वहीत तसं दिसत नाही. वेळ जातो संघाला हाका मारण्यात, टेबलावरचे ठोकळे पुन्हा जागेवर लावण्यात, उतरलेली बॅटरी बदलण्यात. एकदा खिडकीतून ऊन थेट मैदानावर पडलं, रोबोंचे सेन्सर गोंधळले आणि पडदा शोधण्यात अर्धा तास गेला. मुलांचं म्हणणं ऐकायला लागतं एक मिनिट, फार तर दोन. उशीर झाला की मात्र आपण तेवढंच एक मिनिट कापतो.

ते एक मिनिट पुरायचं, तर नियम आधी स्पष्ट लिहिलेले हवेत, आणि आपण बडोदेकरांनी हे आधी पाहिलेलं आहे. हुतूतू गावोगाव वेगवेगळ्या तऱ्हेने खेळला जायचा. १९२३ साली आपल्या हिंदविजय जिमखान्याने त्याचे नियम छापले आणि त्यांनुसार अखिल भारतीय सामने भरवले. नियम आधी कागदावर आले की मैदानावरचा निम्मा वाद तिथेच मिटतो. कलाभवनसारख्या जुन्या तंत्रशाळेच्या याच शहरात आता मुलं रोबो बनवतात, तर त्यांनाही तेवढी व्यवस्था मिळायला हवी.

फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या स्पर्धेतली एक पद्धत मला मनापासून पटते. सामना संपला की पंच आणि मुलं टेबलाशी एकत्र उभी राहून गुण मोजतात. मोजणी होईपर्यंत कुणी काही हलवायचं नाही. पंचाला खरोखर शंका राहिली, तर तिचा फायदा संघाला. मूल तिथून जातं तेव्हा आपले गुण का गेले हे त्याला कळलेलं असतं. मोठ्या मुलांच्या फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये दाद मागायला एक ठरलेली जागा असते. तिथे विद्यार्थ्यानेच उभं राहायचं, आई-वडिलांनी किंवा प्रशिक्षकाने नाही.

तिथे मुख्य पंच मोबाइलवरचं चित्रीकरणही पाहत नाहीत. पालक यावर चिडतात. डोळ्यांसमोर पुरावा असताना तो का नाकारायचा, असं विचारतात. मलाही आधी तसंच वाटायचं. मग लक्षात आलं की ज्याचे वडील पहिल्या रांगेत फोन धरून बसलेत, त्याच्याकडे पुरावा आहे. ज्याचे वडील त्या दिवशी कामावर गेलेत, त्याच्याकडे नाही. एकाच मैदानावर दोन मुलांना दोन प्रकारचा न्याय कसा द्यायचा?

आता आम्ही काही पंच स्पर्धेच्या आदल्या शनिवारी जमतो. टेबल मांडून एक मुद्दाम बिघडवलेला रोबो सोडतो. तो अडखळतो, ठोकळा अर्धवट रेषेवर सोडतो, कधी उलटा पडतो. प्रत्येकाने आपला निर्णय न बोलता कागदावर लिहायचा. गेल्या खेपेला सात जणांनी एकाच प्रसंगावर तीन वेगवेगळे निर्णय लिहिले. त्या एका नियमावर आम्ही पाऊण तास बसलो, शेवटी सगळ्यांचं एक मत झालं आणि ते पुस्तिकेच्या समासात लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच सामन्यात नेमका तसाच ठोकळा रेषेवर राहिला. मुलांनी विचारलं, मी पान उघडून दाखवलं, आणि पुढचा संघ टेबलापाशी येऊन उभा राहिला.